सरासरी वाढली आणि खेळ अडखळू लागला

संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग नेमून दिलेला असतो. तो वापरणाऱ्याने स्वतःहून वाढवला की त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बायोसमध्ये जाऊन दोन-तीन आकडे बदलायचे, व्होल्टेज थोडे चढवायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे, एवढेच त्यात असते. खिशातून एक रुपयाही न जाता संगणक वेगवान होतो आणि हा वेग आभासी नसतो. मोजून पाहिला तर तो खरोखर वाढलेला आढळतो. मात्र काही आठवड्यांनी वा महिन्यांनी अनेकांना एक चमत्कारिक अनुभव येतो. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा दर सेकंदाच्या फ्रेमचा आकडा पूर्वीपेक्षा मोठा असतो आणि तरीही खेळ अडखळत असतो. धावणारे पात्र क्षणभर जागीच गोठते, मग एकदम चार पावले पुढे उमटते.

रायपूरच्या तात्यापारा भागात राहणाऱ्या, भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. जानेवारीत त्याने आपल्या आठ गाभ्यांच्या प्रोसेसरचा वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढवला आणि त्यासोबत रॅमचाही. थंडी होती तोवर सारे सुरळीत चालले. एप्रिलच्या अखेरीस खेळ अडखळू लागला. त्याने त्यामागचे कारण शोधायला घेतले ते खेळासाठी. पण तो शोध अखेर त्याच्या प्रबंधापाशी जाऊन पोहोचला. म्हणून ही हकीकत खेळ न खेळणाऱ्या वाचकांनाही सांगण्याजोगी आहे.

पहिला प्रश्न मोजमापाचा होता. आकडा वाढलेला असताना अनुभव बिघडतो कसा? उत्तर साध्या बेरजेत आहे. एका सेकंदात १०० फ्रेम म्हणजे सरासरीने दर फ्रेमला १० मिलिसेकंद. आता असा एक सेकंद घ्यावा, ज्यात ९९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि उरलेल्या एकीला १०९ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १,००० मिलिसेकंद. सरासरी दोन्ही वेळा दर सेकंदाला १०० फ्रेमच. पण दुसऱ्या सेकंदात डोळ्यांसमोरचे चित्र एक दशांश सेकंदाहून अधिक काळ थिजलेले होते, आणि डोळ्याला नेमके तेवढेच जाणवते. स्कॉट वॉसन या तंत्रपत्रकाराने २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’मधून हाच मुद्दा मांडला होता: ग्राफिक्स कार्डांची तुलना सेकंदाच्या सरासरीने न करता सेकंदाच्या आत शिरून, एकेका फ्रेमला लागलेल्या वेळाने करावी. त्यानंतर परीक्षणांची रीतच बदलली.

विद्यार्थ्यानेही सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवून आलेख काढला. त्यात दोन प्रकारची उंच टोके दिसली. काही टोके ठराविक अंतराने, करवतीच्या दातांसारखी येत होती. काही मात्र कुठेही, कोणत्याही लयीविना. टोकांचे दोन स्वभाव म्हणजे बहुधा कारणेही दोन, असा कयास तेव्हाच बांधता येण्याजोगा होता.

हे कळण्यासाठी प्रोसेसरचा वेग कारखान्यात कसा ठरतो ते पाहावे लागते. पाच गिगाहर्ट्‌झ वेगाने चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका २०० पिकोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा केवळ सहा सेंटिमीटर जातो. या अवधीत विद्युतसंकेताला ट्रान्झिस्टरांची एक लांब साखळी पार करून पुढचा ठोका पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे असते. गायकाने लय वाढवली की तान समेवर आणण्यासाठी उरणारा अवधी आखडतो, तसेच इथे होते. संकेत उशिरा पोहोचला तर पुढची पायरी जुनाच अंक उचलते. यंत्र थांबत नाही, तक्रार करत नाही. चुकीचा अंक घेऊन पुढे जाते.

म्हणून निर्माते ठोक्यात थोडा वाव राखून ठेवतात. तो वाव कशासाठी असतो, याची यादी मोठी आहे. एकाच तबकडीतून कापलेल्या दोन चिप सारख्या नसतात. वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर मंदावतात. अचानक भार आला की व्होल्टेज क्षणभर खाली येते. आणि तापमान बदलते: तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ५० अंशांच्या फरकाने चिपमधल्या तांब्याच्या सूक्ष्म तारा जवळजवळ २० टक्क्यांनी अधिक विरोध करू लागतात. या सर्व प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी आल्या तरी संकेत वेळेवर पोहोचला पाहिजे, असा हिशेब करून वेग नेमलेला असतो. जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्यातली एकही प्रतिकूलता हजर नसते. त्यामुळे राखून ठेवलेला वाव त्या संध्याकाळी वाया चाललेला दिसतो आणि तो उचलून वापरण्याचा मोह होतो.

त्या वावाची खरी किंमत उष्णतेत मोजली जाते. प्रोसेसरची गतिज शक्ती, म्हणजे ठोक्यागणिक खर्च होणारी विद्युतशक्ती, वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवले, तर १.१ चा घन, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी ३३ टक्के अधिक उष्णता. चिप तापली की ट्रान्झिस्टरांतून गळणारा प्रवाह वाढतो आणि तो आणखी उष्णता निर्माण करतो. ही केवळ घरगुती हौशीपुरती अडचण नाही. रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये दाखवले होते, की ट्रान्झिस्टर लहान करत त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत गेले तर चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवरची उष्णता तेवढीच राहते. तीन दशके उद्योग याच आधारावर वेग वाढवत राहिला. पुढे गळतीमुळे व्होल्टेज उतरवणे अशक्य होत गेले आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला. वेगाऐवजी गाभ्यांची संख्या वाढवण्याचा मार्ग तिथून रुळला.

आता यात रायपूरचा उन्हाळा मिळवावा. पंख्याने थंड होणाऱ्या चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्या शक्तीला साजेशी वाढ. ही वाढ जवळजवळ स्थिर असते. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना जी चिप ७८ अंशांवर थांबत असे, ती खोली ३९ अंशांवर गेल्यावर ९५ अंशांच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. घरगुती प्रोसेसरांची तापमानमर्यादा साधारण याच परिसरात, ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, चिप निवली की पुन्हा चढवतो, पुन्हा तापतो. फ्रिजचे यंत्र जसे ठराविक अंतराने चालू-बंद होते तसाच हा खेळ, फक्त फार जलद. आलेखातली करवत तिथून आली होती.

या भागातील घरांत वाळ्याच्या वा लाकडी भुश्श्याच्या पॅडचा कूलर असतोच. विद्यार्थ्याच्या नोंदींत एक विसंगती होती: काही दुपारी करवत अजिबात उमटत नव्हती. त्या दुपारी कूलर चालू होता, एवढाच फरक. कोरड्या हवेत पाणी वेगाने बाष्प होते आणि हवेतली उष्णता घेऊन जाते. ओले फडके गुंडाळलेली तापमापी जे तापमान दाखवील त्याच्या जवळपास कूलर हवा नेऊ शकतो, त्याच्या खाली मात्र नाही. मेमध्ये बाहेर ४२ अंश असले तरी हवा कोरडी असल्याने ही सीमा बरीच खाली असते. जूनअखेरीस पारा उतरतो, पण दमटपणामुळे ती सीमा हवेच्या तापमानाला जवळजवळ येऊन चिकटते आणि कूलर निरुपयोगी होतो. म्हणजे प्रोसेसरची स्थिरता केवळ तापमानावर नव्हे, खोलीत कूलरचा झोत कुठवर पोहोचतो यावरही अवलंबून होती. कॅबिनेट तर भिंतीतल्या कपाटाच्या कोनाड्यात होते.

एवढे समजूनही त्याचा शोध नीट पुढे जाईना. तो रोज काहीतरी बदलत होता. कधी थर्मल पेस्ट, कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कधी पंख्याचा वेग, कधी खेळातले चित्राचे तपशील. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले त्याचे काका त्या दिवसांत घरी आले होते. त्यांनी कपाटातल्या कॅबिनेटला हात लावून पाहिला आणि विचारले, “आधी कंपनीच्या मूळ सेटिंगवर नेऊन बघितलंस का?”

“नाही काका. मूळ सेटिंगवर वेग कमी होतो.”

“कमी होऊ दे. पण तिथं अडखळतं की नाही, हेच तुला ठाऊक नाही. मग बाकीच्या बदलांची तुलना कशाशी करतोयस?”

कारखान्यातली कोणतीही पाळी हाच प्रश्न विचारील. प्रयोगशाळेतही तोच विचारला जातो. विद्यार्थ्याने तो आपल्या खोलीत विचारला नव्हता, इतकेच. त्याने सर्व मूल्ये मूळ जागी नेली. करवत नाहीशी झाली. मात्र खेळात एखाद्या नव्या प्रदेशात पहिल्यांदा शिरताना येणारा हिसका कायम राहिला. तोच प्रदेश दुसऱ्यांदा ओलांडला की हिसका नाही. हे शेडर संकलनाचे लक्षण: चित्र रंगवण्याचे छोटे कार्यक्रम पहिल्या वेळी ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत उतरवावे लागतात आणि मग साठवून ठेवले जातात. ड्रायव्हर नवा टाकला की हा साठा पुसला जातो. म्हणजे ड्रायव्हर बदलून ‘उपाय’ करताना तो हा हिसका स्वतःच पुन्हा ओढवून घेत होता. ओव्हरक्लॉकिंगचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर त्याने पद्धतशीर तक्ता आखला. प्रोसेसर मूळ वा वाढीव, रॅम मूळ वा वाढीव: दोन घटक, प्रत्येकाच्या दोन अवस्था, एकूण चार जोड्या. प्रत्येक जोडी तीनदा, खेळातला तोच रस्ता, तेवढीच दहा मिनिटे, आणि प्रत्येक वेळी खोलीचे तापमान वहीत. बारा फेऱ्यांत चित्र स्पष्ट झाले. करवत प्रोसेसरचा वेग वाढवला तेव्हाच येत होती. रॅमचा वेग वाढवून सरासरीत फारसा फरक पडत नव्हता.

मोजमापाबाबत ओव्हरक्लॉकिंगच्या जगात एक सावध करणारी घटना नोंदलेली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘एचडब्ल्यूबॉट’ने विंडोज ८ वरचे निकाल स्वीकारणे थांबवले. चालू यंत्रात मूळ घड्याळाचा वेग बदलला की त्या प्रणालीतली वेळ मोजण्याची गतीच ढळत होती. यंत्राचा एक सेकंद खऱ्या सेकंदाहून लांबला की काम कमी वेळात झाल्याचे दिसते. ज्या घड्याळाशी छेडछाड केली त्याच घड्याळाने वेग मोजला तर मिळालेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नसावा.

बारा फेऱ्यांनंतर लयीविना येणारी काही टोके मात्र अजून शिल्लक होती आणि तीही वाढीव प्रोसेसरसोबतच. त्यांचा माग काढताना त्याने विंडोजची घटनानोंदवही उघडली. तिथे मार्चपासून एकाच धाटणीच्या ओळी साचल्या होत्या: हार्डवेअरमध्ये दोष आढळला, दोष दुरुस्त केला. प्रोसेसरच्या काही भागांना स्वतःच्या चुका पकडण्याची सोय असते; चूक पकडली की ती सुधारली जाते वा काम पुन्हा केले जाते आणि नोंद ठेवली जाते. खेळाच्या दृष्टीने विषय इथे संपत होता. वेग उतरवला की टोके जातील. परंतु ‘दुरुस्त केला’ या शब्दांनी त्याला अस्वस्थ केले. जे दोष पकडले गेले ते दुरुस्त झाले. जे पकडण्याची सोयच नाही त्यांचे काय? आणि हाच संगणक फेब्रुवारीपासून दिवसरात्र त्याच्या प्रबंधाची आकडेमोड करत होता.

प्रबंधाचा विषय होता काही जागा रिकाम्या ठेवलेले आयझिंग प्रारूप. चौकोनी जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर वा खाली रोखलेला एक लहानसा चुंबक, शेजाऱ्यांशी त्याची देवाणघेवाण, आणि तापमान बदलताना सगळ्यांची मिळून दिसणारी वागणूक. जाळी पूर्ण भरलेली असताना या द्विमितीय प्रारूपाचे अचूक उत्तर लार्स ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये दिले. जागा यादृच्छिकपणे रिकाम्या केल्या की तसे अचूक उत्तर हाताशी राहत नाही आणि मोंटे कार्लो पद्धतीने संगणकावर आकडेमोड करावी लागते. अशा १६० फेऱ्या त्याने केल्या होत्या.

या प्रारूपाची एक सोय अशी, की योग्य एककांत ऊर्जा नेहमी पूर्णांक असते. कार्यक्रम प्रत्येक पायरीला ऊर्जेत होणारा बदल चालू बेरजेत मिळवत जातो. फेरीच्या शेवटी संपूर्ण जाळीवरून ऊर्जा नव्याने मोजली तर ती या चालू बेरजेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. दशांशांच्या पूर्णांकनाची सबब इथे चालत नाही. मार्गदर्शक मॅडमच्या आग्रहाखातर त्याच्या कार्यक्रमात ही तपासणी होती आणि दोन्ही संख्यांमधला फरक प्रत्येक धारिकेच्या शेवटच्या स्तंभात लिहिला जात होता. आलेख काढताना तो स्तंभ लागत नसल्यामुळे कधी पाहिला गेला नव्हता.

१५७ धारिकांत त्या स्तंभात शून्य होते. उरलेल्या तिघांत ५१२, ६४ आणि पुन्हा ५१२.

तिन्ही संख्या दोनच्या घाताच्या आहेत: दोनचा नववा, सहावा आणि पुन्हा नववा घात. कार्यक्रमातली चूक अशी क्वचितच वागते. द्विमान संख्येतली एखादीच जागा चुकली की असा फरक पडतो. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते पडल्याचे यंत्राने दाखवले. फेरमोजणीत अधिकची मते निघाली ४,०९६, म्हणजे दोनचा बारावा घात. मेमरीतली एक जागा उलटली असावी आणि त्यामागे वैश्विक किरण असावेत, असा संशय व्यक्त झाला. स्कारबेकची चूक पकडली गेली ती आकडा अशक्यप्राय होता म्हणून. विद्यार्थ्याचा आकडा अशक्यप्राय नव्हता, आणि खरी अडचण तीच होती.

पदार्थाची विशिष्ट उष्णता ऊर्जेच्या चढउतारांवरून, म्हणजे तिच्या विचरणावरून काढतात. फेरीच्या मध्यावर चालू बेरजेत ५१२ ची खोटी पायरी आली की सरासरी ऊर्जा थोडीच ढळते. विचरण मात्र लक्षणीय फुगते. त्याच्या आलेखात संक्रमणाच्या तापमानाहून थोड्या वरच्या बाजूला एक लहानसा उंचवटा होता. रिकाम्या जागांमुळे असे होत असावे, अशी त्याची समजूत होती आणि प्रबंधात तिचे समर्थन करणारा दीड पानांचा परिच्छेद लिहून झाला होता. तो उंचवटा ज्या धारिकेवरून आला होता तिच्या शेवटच्या स्तंभात ५१२ होते.

असा दोष एका विद्यार्थ्याच्या हौशी यंत्रापुरता असता तर त्याची वाच्यता करण्याचे कारण नव्हते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये युरोपातील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ या नावाने दाखवून दिले, की प्रोसेसरचे व्होल्टेज बेताने उतरवले तर यंत्र बंद पडण्यापूर्वीच गुणाकार चुकू लागतात, तेही कोणतीही सूचना न देता. तिथे राखीव वाव खालून पोखरला होता, ओव्हरक्लॉकिंगमध्ये तो वरून पोखरला जातो, परिणाम एकच. २०२१ मध्ये फेसबुकच्या, म्हणजे आजच्या मेटाच्या अभियंत्यांनी नेमून दिलेल्या वेगावर चालणाऱ्या एका सर्व्हरची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचा एक गाभा १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग मागितला की १५६ ऐवजी शून्य देत असे. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी काही हजार यंत्रांमागे असे मोजके गाभे सापडत असल्याचे लिहिले. ही चूक कोठेही ‘चूक’ म्हणून नोंदली जात नाही. ती उत्तर म्हणूनच पुढे जाते.

विद्यार्थ्यापुढे दोन मार्ग होते. तीन धारिका वगळून उरलेल्या १५७ वरून आलेख पुन्हा काढता आला असता. कोणाला कळलेही नसते. पण शेवटचा स्तंभ फक्त ऊर्जेच्या बेरजेवर पहारा ठेवत होता. यादृच्छिक संख्या, चुंबकनाची सरासरी, जाळीवर केलेले बदल यांपैकी काही चुकले असते तर त्या स्तंभात शून्यच दिसले असते. त्याने मार्गदर्शकांना सर्व धारिका दाखवल्या. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले होते. मॅडमनी विचारलेला प्रश्न एवढाच होता, की सर्व फेऱ्या मूळ वेगावर पुन्हा करायला किती वेळ लागेल.

तो हिशेब उद्बोधक आहे. मूळ वेगावर एक फेरी पाच तासांची. १६० फेऱ्यांचे ८०० तास, आठ गाभ्यांत वाटले की १०० तास. दहा टक्के वाढीव वेगाने हेच काम सुमारे ९१ तासांत झाले होते. म्हणजे चार महिन्यांच्या ओव्हरक्लॉकिंगने प्रबंधाचे नऊ तास वाचवले आणि त्यापायी १०० तास पुन्हा खर्चावे लागले. कॅबिनेट कपाटातून बाहेर, कूलरच्या झोताच्या बाजूला ठेवून सारी मूल्ये मूळ केली गेली. प्रत्येक फेरी त्याच बीजाने, म्हणजे यादृच्छिक संख्यांच्या त्याच आरंभापासून चालवली. एकाच बीजाने एकाच गाभ्यावर चालणारा कार्यक्रम दरवेळी अखेरच्या अंकापर्यंत तेच उत्तर देतो. त्यामुळे जुन्या धारिकांशी तुलना करता आली. तीन सदोष फेऱ्यांव्यतिरिक्त आणखी दोन फेऱ्या जुन्या निकालांशी जुळल्या नाहीत, ज्यांच्या शेवटच्या स्तंभात शून्य होते.

उंचवटा नाहीसा झाला आणि त्याच्यासोबत दीड पानही. प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष बदलला नाही. त्याऐवजी पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद वाढला: कोणत्या यंत्रावर, कोणत्या वेगाने, कोणत्या तपासण्यांसह आकडेमोड केली.

या संदर्भात गेल्या दोन वर्षांतील दोन राष्ट्रीय बातम्या पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या सेमिकॉन इंडिया संमेलनात ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर मांडला गेला. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या साह्याने तो घडवला असून डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मोहिमेत त्याची अंतराळात चाचणीही झाली होती. तो १८० नॅनोमीटर तंत्राचा, म्हणजे १९९९ च्या सुमारास घरगुती संगणकांत आलेल्या तंत्राचा आहे, यावरून त्याची थट्टाही झाली. पण तो उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्यासाठी घडवलेला आहे. प्रक्षेपकाच्या मार्गदर्शनात दोनचा नववा घात चुकला तर फेरी पुन्हा चालवता येत नाही. दुसरी बातमी रायपूरचीच. मे २०२५ मध्ये नवा रायपूर येथे एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. त्याच उन्हाळ्यात, त्याच हवेत हजारो प्रोसेसर चालवायचे म्हणजे उष्णता बाहेर काढण्याचा आणि न बोलणाऱ्या चुका शोधण्याचा प्रश्न हजारो पटींनी समोर येणार आहे. त्या कामासाठी लागणारी माणसे आज रायपूर, भिलाई, नागपूरच्या महाविद्यालयांतच शिकत असतील.

ओव्हरक्लॉकिंग हा अपराध नव्हे. खेळासाठी वेग वाढवावा, उन्हाळा आला की थोडा उतरवावा, आणि सरासरीपेक्षा एकेका फ्रेमच्या वेळाकडे पाहावे, एवढी काळजी पुरेशी आहे. खेळात चुकलेला अंक पुढच्या फ्रेममध्ये पुसला जातो. ज्या यंत्रावर मोजमाप, प्रबंध वा कोणाचा तरी निर्णय अवलंबून आहे तिथे मात्र वेग नेमलेलाच ठेवावा. कार्यक्रमात निदान एक राशी अशी असावी जी भौतिकशास्त्राच्या वा गणिताच्या नियमाने ठरलेली आहे आणि दोन वाटांनी मोजून जुळलीच पाहिजे. एकूण ऊर्जा, एकूण कण, एकूण संभाव्यता, काहीही चालेल. एखादी फेरी त्याच बीजाने दुसऱ्यांदा चालवून दोन्ही धारिका अक्षरशः ताडून पाहाव्यात. आणि तपासणीचा स्तंभ लिहून ठेवला असेल, तर पहिला आलेख काढण्यापूर्वी तो उघडून वाचावा.